अर्ध्या कपाळावरची नागीण

बाई, आमच्या दादाला नागीण झाली होती. कपाळावर, उजव्या बाजूला, भुवईपासून वर केसांत शिरलेली. तुम्ही असता तर पहिला प्रश्न विचारला असता, ‘डोळ्याला लागली का?’ आणि उत्तर येईपर्यंत हातातलं काम तसंच धरून ठेवलं असतं. दादा तुम्हाला आठवत असेल. मी तुमच्याकडं अकरावी-बारावीला होते तेव्हा अणदूरहून येणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ माझा डबा देणारा तो. एकदा तुमच्यासाठी हुरडा घेऊन आला होता, तुम्ही ‘आत या’ म्हणालात तरी उंबऱ्यापाशीच बसला होता. लहानपणी विटी लागून त्याचा डावा डोळा गेला, त्या डोळ्यात त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. म्हणजे बाई, जे काय जग बघायचं ते तो उजव्या डोळ्यानं बघतो, आणि नागीण उजवीकडं उठलेली.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुम्ही गेल्यावर जन्मलेली पोरं माझ्या वर्गात शिकून, नोकरीला लागून, आता मला लग्नाला बोलावतात. मी इथंच धाराशिवला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. विषाणूंचा भाग आला की दरवर्षी तुमचाच तास घेते. नव्या पुस्तकांत चित्रं सुंदर आली आहेत, पडद्यावर हलणारी चित्रं दाखवता येतात, पण पोरांच्या डोक्यात उजेड पडतो तो तुमच्या स्वयंपाकघरात सापडलेल्या एका शब्दानंच. त्याचं श्रेय मी कधी कुणाला सांगत नाही. पोरांना वाटतं, मॅडमना सुचलं.

ते स्वयंपाकघर मला आत्ता दिसतंय. रविवार आहे. तुम्ही पाटावर बसून मेथी निवडताय, समोर मी. काका, म्हणजे तुमचे यजमान, बाहेरच्या खोलीत पेपर वाचताहेत. काका कचेरीत कारकून होते, आणि घरात कुणी काही विचारलं की ते आपल्यालाच विचारलंय असं समजून उत्तर द्यायची त्यांना खोड होती. तुमच्या पुण्याच्या भाच्यानं कुठल्यातरी इंग्रजी मासिकातल्या लेखाच्या झेरॉक्स पाठवल्या होत्या, निम्मी अक्षरं उडालेल्या. आमच्या पुस्तकात नव्हतं ते त्यात होतं. पेशीत विषाणू शिरला की पेशी स्वतःच संपते, म्हणजे विषाणूला वाढायला जागाच उरत नाही. तुम्ही मला तो लेख आठवडाभर ठेवायला दिला होता, आणि आता म्हणालात, ‘सांग काय कळलं.’ मी तोऱ्यात सांगितलं, ‘पेशी आत्महत्या करते.’

तुमचा हात थांबला. ‘हा शब्द माझ्या वर्गात नको.’

‘पण बाई, लेखात तसंच लिहिलंय.’

‘लेख लिहिणाऱ्याला माझा वर्ग माहीत नाही. तिसऱ्या बाकावर कोण बसतं, माहीत आहे ना तुला?’ मला माहीत होतं. त्या मुलीच्या आईनं आदल्याच वर्षी विहिरीत उडी घेतली होती. मी मान खाली घातली. तुम्ही आवाज न चढवता बोलत राहिलात. ‘आणि ते बाजूला ठेवलं तरी शब्द चुकीचाच आहे. तसं करणारं माणूस एकटं पडलेलं असतं, त्याला काही सुचत नसतं. पेशीला सगळं सुचतंय. आतलं एकेक आवरते, गाठोडी बांधते, शेजाऱ्यांना तोशीस लागू न देता जाते. याला काय म्हणायचं, सांग.’

मी ‘बलिदान’ म्हटलं. तुम्ही नाक मुरडलंत. ‘भाषण नको करूस.’

बाहेरून काका म्हणाले, ‘चार्ज देऊन जाते का?’

‘कोण?’

‘तीच, तुमची जी कोण आहे ती. कपाट लावून, किल्ल्या ठेवून, चार्ज देऊन जात असेल तर तो राजीनामा. न सांगता दारं उघडी टाकून गेली तर ते पळून जाणं.’

‘तुम्ही पेपर वाचा,’ तुम्ही म्हणालात. मग मेथीची काडी हातातच ठेवून ‘राजीनामा, राजीनामा’ असं दोनदा स्वतःशी म्हणून बघितलंत. सोमवारी फळ्यावर तोच शब्द होता. पेशी राजीनामा देते, का देते, कशी देते. आणि मग तुम्ही आम्हाला विचारलंत, ‘विषाणू काय करत असेल?’ लगेच तुम्हीच टेबलावर हात आपटून साहेबाच्या आवाजात म्हणालात, ‘नामंजूर. बस खाली. काम कर.’ सगळा वर्ग हसला. तिसऱ्या बाकावरची ती पण हसली, आणि तुम्ही तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला वाटतं तुम्ही मुद्दामच बघितलं नाही.

बारावीनंतर मी पुढं शिकायला निघाले तेव्हा तुम्ही मला पांढरा एप्रन शिवून दिलात. तुमच्या कुठल्यातरी जुन्या सुती साडीचा होता तो, काठ काढून टाकलेला, आणि बाह्या इतक्या लांब की मला प्रयोगशाळेत रोज दुमडाव्या लागायच्या. ‘वाढशील,’ म्हणालात. अठरा वर्षांची मुलगी काय वाढणार, बाई? पण तुम्ही कुणाच्याही बाबतीत हिशोब नेहमी जास्तीचाच धरायचा.

आता तुम्ही माझ्यावर रागावलात त्या दिवसाचं सांगते, कारण दादाचा डोळा त्या रागावण्यानंच वाचला असं मी मानते. तुम्ही एकदा आमच्या गावाला हुरड्याला आला होता. त्याच आठवड्यात चुलत्याच्या घरी लहानग्याला कांजण्या आलेल्या. दाराला कडुलिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, सगळे हळू बोलताहेत. मला नुकतंच शहाणपण फुटलेलं. शेतात सगळ्यांच्या देखत तुम्हाला म्हटलं, ‘बघा बाई आमची माणसं. देवी आली म्हणतात आणि बिनफोडणीचं खातात.’ चुलती खाली बघून कणसं चोळत राहिली. तुम्ही तिथं काही बोलला नाहीत. परतीच्या एस.टी.त मात्र मला खिडकीशी बसवलंत, म्हणजे मला उठून जाता येऊ नये, आणि विचारलंत, ‘त्या घरात आज कुणी पाहुणा गेला का?’

‘डहाळा बघून कोण जातंय?’

‘मग त्या डहाळ्यानं काय केलं?’

मी खिडकीबाहेर बघायला लागले.

‘लोक सांगतात त्यात खरं काय आहे ते आधी बघ आणि ते आधी बोल. खोटं काय आहे ते सांगायला मागून वेळ असतो. तू उलट्या टोकानं सुरू करतेस. अशी बोललीस तर जन्मभर बरोबर बोलशील आणि तुझं कुणी ऐकणार नाही.’

मला इतका राग आला की नळदुर्ग गेलं, तुळजापूर आलं तरी मी तुमच्याशी बोलले नाही. तुळजापूरला गाडी थांबली तेव्हा तुम्ही खाली उतरलात आणि मीठ-तिखट लावलेला पेरू आणून माझ्या हातात दिलात. तो मी रागातच खाल्ला.

आता दादाचं. थंडीचे दिवस, गावचा देव खंडोबा दरसालाप्रमाणे नळदुर्गच्या देवळात गेलेला, गाव जरा सुनं पडलेलं. वहिनीचा फोन आला, ‘वन्सं, ह्यांच्या कपाळाला नागीण उठलीया. काळजी नगा करू, गेरू लावलाय.’ काळजी करू नका असं आमच्या वहिनीनं म्हटलं की मी गाडीची किल्ली शोधायला लागते. पोचले तर दादा द्राक्षाच्या बागेत, बायका घड विरळायला लावून स्वतः मोटारसायकलच्या आरशात तोंड बघत उभा. अर्धं कपाळ गेरूनं लाल, पापणी सुजून जड झालेली. आणि चेहऱ्यावर काय म्हणाल तर समाधान.

‘लई फणफणतंय,’ तो म्हणाला, ‘पर भ्यायचं काम न्हाय. हे बघ, तोंड हितं, शेपूट हितं. अर्ध्यातच अडकलीय. जुळायचं नावच न्हाय.’

तुम्हाला सांगायला नको, तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो असं आपल्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. कंबरेला, छातीला झाली की लोक रोज बोटानं अंतर मोजत बसतात. दादाची तर कपाळाच्या बरोब्बर मधोमध रेघ मारल्यासारखी थांबलेली, पलीकडं एक फोड नाही. त्यामुळं त्याच्या लेखी धोका टळला होता. दवाखान्यात कशाला जायचं, बाग ऐन भरात आलीय. मी मात्र त्याच्या नाकाकडं बघत होते. नाकाच्या शेंड्यालगत एक छोटा, नवा, पाणीदार फोड होता. तो दिसला आणि मी घाबरले, आणि घाबरले की मला राग येतो.

‘दादा, अडाण्यासारखं बोलू नकोस. नागीण-बिगीण काही नसतं. हा विषाणू आहे. ही सगळी अंधश्रद्धा आहे, कळलं का तुला?’

‘मग हे कपाळावर दिसतंय ते काय हाय?’

‘तेच सांगते ना—’

‘तू कालिजात शिकीव,’ तो म्हणाला. ‘हितं माझी बाग हाय.’ आणि ओळीत शिरून दिसेनासा झाला. घड विरळणाऱ्या बायका एकदम कामात बुडून गेल्या.

वहिनीनं मला चहा दिला. ‘तुमी बोललं की त्ये आणिक हट्टाला पेटत्यात,’ ती म्हणाली. ‘म्या कालपासनं दवाखान्याचं नाव काढलंय, ऐकत न्हाईत. तुमच्यावर माझी भिस्त हुती.’ तिच्या आवाजात जे होतं त्यानं मला लाज वाटली. दुसऱ्या डोळ्याचं तिलाही माहीतच होतं, रोज ताटात भाजी कुठं वाढली ते तो डावीकडं मान वळवून बघतो. मी बांधावर बसले. डोकं शांत होईना. हा माणूस एक-दोन दिवस असाच आरशात बघत राहिला तर पुढं आरसा बघायलाच डोळा राहायचा नाही, आणि मी, जिला हे सगळं पाठ आहे, ती चहाचा कप धरून बसलेली. तेव्हा तुम्ही आठवलात, बाई. खरं सांगायचं तर तुम्ही नाही, तो एस.टी.तला खिडकीचा बाक आठवला. खरं काय आहे ते आधी बघ.

मग मी बघायला लागले. दादा म्हणतोय त्यात खरं काय? नागीण अर्ध्यातच थांबलीय, हे खरं. पलीकडं जाणार नाही, हेही खरं. शंभर टक्के बरोबर बोलतोय तो. फक्त ती का थांबलीय, हे त्याला कुणी कधी सांगितलेलं नाही. मी उठले आणि ओळीत गेले. तो ठिबकच्या नळ्या तपासत होता.

‘दादा, तू म्हणतोस ते बरोबर हाय. ती पलीकडं जायची न्हाय.’

त्यानं वर बघितलं. मी त्याला बरोबर म्हटल्याचं त्याला आठवत नसावं. ‘का न्हाय जायची?’

‘ह्या व्हॉल्व्हचं पाणी त्या पट्टीला जातंय का?’

‘कसं जाईल? ती लाईन येगळी.’

‘तसंच. उजव्या तोंडाची शीर येगळी, डाव्याची येगळी. ही ज्या शिरंत बसलीय तिच्यातनंच बाहेर पडणार. म्हणून मधोमध थांबली. तुझं मोजणं खरं हाय.’

त्यानं ती नळी हातात घेतली. बाई, पुढचा प्रश्न त्यानं आपण होऊन विचारला. ‘आन त्या लाईनीवर आणिक काय काय हाय?’

‘कपाळ. वरची पापणी. नाकाचा शेंडा.’ मी त्या फोडाजवळ बोट नेलं. ‘हा कधी आला?’

‘आज सकाळी.’

‘म्हणजे पाणी तिथवर पोचलं. त्याच फांदीवर डोळा हाय, दादा.’

त्यानं उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि बागेत तसाच उभा राहिला. त्याच्यासमोर सगळी बाग होती, बायका होत्या, मी होते, आणि त्याला काय दिसत असेल ते मला माहीत होतं. मग हात काढून म्हणाला, ‘पाणी बंद करून येतो. चल.’

सोलापूरच्या रस्त्याला लागल्यावर त्याची चौकशी सुरू झाली. ‘पर ही आली कुठनं?’ मी सांगितलं, लहानपणी आपल्या दोघांना कांजण्या आल्या होत्या, त्यातनं. ‘त्या तर बऱ्या झाल्या हुत्या की.’ ‘बऱ्या झाल्या. गेल्या न्हाईत.’ ‘म्हंजे इतकी वर्सं माज्या डोस्क्यात बसून खाल्लं हिनं? भाडं बी न देता?’ मला हसू आलं आणि रडूही आलं. मग त्यानं शेतकऱ्याचा प्रश्न विचारला. ‘रोगट फांदी आमी छाटतो. अंगाला कळत न्हाय व्हय? ती शीर मरून का जात न्हाय?’ मी म्हटलं, ‘तिला जायचं असतंय. राजीनामा देती ती. हा विषाणू मंजूर करत न्हाय.’ तो म्हणाला, ‘आमच्या सोसायटीच्या चेअरमनवानी.’ काका तिथं असते तर खूश झाले असते.

पुढचं मी गाडीत त्याला सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. तुम्ही गेल्यावर बरंच कळलं, बाई. आपली प्रत्येक पेशी आत काय शिजतंय त्याचे बारके तुकडे दारात मांडून ठेवते आणि रखवालदार पेशी ते बघत हिंडतात, हे तुमच्या वेळी नुकतं समजत होतं. हा विषाणू आत शिरला की ते तुकडे दारापर्यंत पोचूच देत नाही. दार मोकळं. काही रखवालदार असे असतात की दारात काहीच कसं नाही, याचाच त्यांना संशय येतो, तर त्यांना गुंगवायच्याही त्याच्याकडं युक्त्या आहेत. पण मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. कातडीच्या पेशींना तो मरू देतो, कारण फोडातूनच त्याला दुसऱ्याच्या अंगात जायचं असतं. चेतापेशीत मात्र जिथं त्याला मुक्काम करायचाय, तिथं त्याचंच एक प्रथिन तिला मरू देत नाही. विषाणू एकच, पण घर बघून वागतो. आणि मुक्कामाला टेकला की इतका गप्प राहतो की जवळजवळ काहीच करत नाही, आणि काहीच न करणाऱ्याला पकडायचं कसं? माणसाचं वय झालं, रखवालदार थकले, की उठतो आणि शिरेच्या वाटेनं खाली येतो. हे वाचलं त्या दिवशी मला धावत तुमच्या घरी यायचं होतं. तुमच्या घराच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, तरी मी त्या बाजूनं चक्कर मारून आले.

डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी दादाची हनुवटी यंत्रावर टेकवली, खूप वेळ बघितलं. बुबुळापर्यंत पोचली होती. ‘आज आणलंत ते बरं केलं,’ एवढंच म्हणाल्या, आणि गोळ्या, थेंब, मलम, सगळं समजावून सांगितलं. दुसऱ्या डोळ्याचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी परत एकदा बघितलं. ‘धूसर होईल काही दिवस. घाबरू नका, पण थेंब चुकवू नका.’ वहिनी बागेकडं थांबली आणि दादाला मी धाराशिवला माझ्या घरी आणलं.

ते दिवस वाईट गेले. त्याला उजेड सहन होत नव्हता. खोलीला चादरी लावल्या. एवढा धिप्पाड माणूस भिंतीला हात लावत मोरीपर्यंत जायचा आणि मी मदतीला उठले की ‘बस तू’ म्हणायचा. मला भीती वाटत होती, बाई, सरळच सांगते. वर्गात मी विषाणूचं कौतुक करत होते, किती हुशार, कशी युक्ती, आणि घरी आले की त्याच हुशार विषाणूला तोंडाला येतील त्या शिव्या घालत होते. एकदा दादा म्हणाला, ‘दिसायचं बंद झालं तरी बाग वासावर करीन म्या. तू जिवाला घोर लावून घिऊ नगंस.’ त्याच्यापुढं रडायचं नाही म्हणून मी भाजी घ्यायला बाहेर पडले आणि मंडईत एका अनोळखी बाईनं मला ‘काय झालं गं माय’ म्हणून विचारलं.

मग एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर त्यानं चादर बाजूला सारलेली. खिडकीशी उभा. ‘समोरच्या गच्चीवरच्या त्या साडीचा रंग उडालाय,’ तो म्हणाला. मी म्हटलं, ‘कुठली साडी?’ कारण मला चष्म्याशिवाय गच्चीसुद्धा धड दिसत नव्हती. बुबुळाच्या कडेला एक बारीक डाग राहिलाय, कपाळ अजून अधूनमधून ठणकतं, पण डॉक्टरीणबाईंच्या फळ्यावरची खालची ओळ त्यानं वाचली. बागेतला माल त्यानं स्वतः विकला, आणि पहिली पेटी माझ्याकडं आली. मी त्यातला एक घड वेगळा काढून ठेवला, तुम्हाला द्यावासा वाटला म्हणून. दुसऱ्या दिवशी तो आम्हीच खाल्ला.

इथवर सगळं ठीक आहे, आणि पत्र इथंच संपवलं असतं तर तुम्ही मला चांगले गुण दिले असते. पण दादा गावात गप्प बसणारा नाही. त्यानं सगळ्यांना सांगितलं. लाईनीचं सांगितलं, व्हॉल्व्हचं सांगितलं, आणि सांगता सांगता शेवट त्याच्या पद्धतीनं झाला: नागिणीचं तोंड डोळ्याकडं झालं होतं, ते माझ्या बहिणीनं वळीवलं. आता मी अणदूरला गेले की लोक येतात. कुणाची कंबर, कुणाची पाठ, कुणाचा कान. कॉलेजातल्या मॅडमना नागीण वळवता येते म्हणे. पहिल्यांदा मी दादाला असं बोलले की वहिनीनं आतून ‘वन्सं’ म्हणून हाक मारली. मग लक्षात आलं, जी माणसं दवाखान्यात जात नव्हती ती माझ्याकडं येताहेत, आणि तेही फोड उठल्या उठल्या. मी कुठं उठलीय ते बघते, कुठल्या शिरेवर आहे ते सांगते आणि त्याच पावली दवाखान्याला पिटाळते. माझ्याकडं गोळी नाही, मंत्र नाही, हेही सांगते. ते मान डोलावतात आणि जातात.

गेल्या रविवारी एक म्हातारी आली. लेकानं मोटारसायकलवर बसवून आणलेली, कपाळ आणि पापणी सुजलेली, नाकावर फोड. दादासारखंच. मी सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. डोळ्याची फांदी, बुबुळ, आजच्या आज सोलापूर, सगळ्याला ‘व्हय माय’ म्हणाली. लेकानं गाडी सुरू केली, ती बसेना. ‘आधी हात लावा,’ म्हणाली. मी म्हटलं, ‘आजी, माझ्या हातात काही नाही.’ ‘नसू द्या. लावा, मग जाती म्या.’ लेक माझ्याकडं बघतोय, दादा बघतोय, वेळ जातोय. खरं काय आहे ते आधी बोल, असं तुम्ही सांगितलं होतं, आणि ते मी बोलून झालं होतं. त्यानंतर काय करायचं, हे तुम्ही सांगितलं नव्हतं. मी तिच्या कपाळावर, फोड सोडून, डावीकडं हात ठेवला. तिनं डोळे मिटले. मग ती गाडीवर बसली आणि गेली, आणि तिचा डोळाही बचावेल असं परवा कळलं.

तुम्ही यावर रागावला असता की नाही, हे मला ठरवता येत नाही, आणि विचारायला तर तुम्ही नाही. पण हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायची काही सोय असती, तरी मी ते टाकलं नसतं. हात तिला दवाखान्यात पाठवायला ठेवला, हे मी दादाला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, आणि ते खरं आहे. तुम्हाला खोटं सांगता येत नाही म्हणून तुम्हालाच हे कळू नये असं वाटतं. तिनं डोळे मिटल्यावरही मी लगेच हात काढला नाही. मला बरं वाटत होतं, बाई.